सुतळीच्या वर, सुतळीच्या खाली

शाळेच्या व्हरांड्यात फळा आहे, सहा बाय चार.
वर तांबड्या ऑइलपेंटनं कायमचं : अभिनंदन.
खाली खडूनं, दरवेळी नव्यानं : आगामी कार्यक्रम.
दोहोंमधली रेघ अठ्ठावीस वर्षं मी मारतो.
खडूच्या भुकटीत सुतळी घोळायची,
एक टोक खिळ्याला, दुसरं
ज्या पोराला तास बुडवायचाय त्याच्या हातात.
ताणायची, चिमटीत उचलायची, सोडायची.
टण्ण.

पद शिपाई. पण अक्षर बरं,
म्हणून मुख्याध्यापक पाच बदलले, फळा माझ्याकडंच राहिला.

काही सालं रेघ इतकी वर
की अभिनंदनाखाली एक नाव मावायचं, तेही दाटीनं.
खाली मोकळं रान :
पालक सभा. जंताच्या गोळ्या. पालक सभा.

यंदा वीतभर खाली आणली.

श्रावस्ती कांबळे, आठवी, गणित प्रज्ञाशोध, जिल्ह्यात एकोणिसावी.
बाप शिरोलीच्या फौंड्रीत, दुसरी पाळी.
रात्री बाराला फाटकाशी गाडी लावून
मोबाइलच्या उजेडात नाव वाचून गेला म्हणे.
सकाळी ‘कांबळे’तला ळ फिसकटलेला,
वर काळ्या बोटाचा ठसा.
परत गिरवला.

अल्फिया मुल्लाणी, कुस्ती, शेहेचाळीस किलो, सुवर्ण.
गावच्या तालमीत पोरींना मज्जाव होता.
ठराव झाला नाही, भाषण झालं नाही,
पहाटे पाचला कुलूप उघडं राहायला लागलं, एवढंच.
किल्ली कुणाकडं असते ते गावाला ठावं,
आणि गाव बोलत नाही.

पार्श्व मगदूम, विज्ञान प्रदर्शन, उत्तेजनार्थ.
रात्री शेतीपंपाला लाइट आली की उशाशी घंटा वाजवणारं यंत्र.
परीक्षक आले तेव्हा वाजलं नाही. लाइटच नव्हती.
‘म्हणजे बरोबरच चाललंय की ओ सर!’
अख्खा मंडप हसला.
बक्षीस यंत्राला की त्या वाक्याला, देव जाणे.

सुतळीच्या खाली :
शुक्रवारी दातांची तपासणी.
एकवीसला तालुक्याला खो-खो, डबा घरून आणणे.
सत्तावीसला स्नेहसंमेलन, लेझीमवाल्यांनी पांढरे बूट
मिळतील तिथून मिळवावेत.
हे ‘मिळतील तिथून’ बाईंनी पुसायला लावलं.

आज सुतळीचं टोक जोतीराम झोरेकडं. सातवी.
धनगरवाड्यावरून खाली यायला दीड तास,
वर जायला दोन,
ओढ्याला पाणी असलं तर ओढा म्हणेल तेवढे.
हजेरीपट कपाटातून मीच काढतो, मीच ठेवतो :
जूनपासून त्याच्या ओळीत एक ‘गै’ नाही.
स्पर्धेत कुठल्याच नाही तो. पळायला उभा केला
तर बकऱ्या मागं राहिल्यागत वळून वळून बघतो.

पार्श्वच्या खाली बोटभर जागा होती.
लिहिलं : जोतीराम झोरे, रोज आला.

बाईंनी चष्मा सारखा केला. ‘मामा, ही कुठली स्पर्धा?’
मी डस्टर झटकत राहिलो.
त्यांनी नाव आणखी एकदा वाचलं
आणि ऑफिसात गेल्या.

आता तळाची एकच ओळ उरली,
सकाळपासून टाळलेली.
तारीख एकतीस, वेळ साडेतीन, स्थळ हाच व्हरांडा :
श्री. आकाराम दत्तू गुरव यांचा...
आपलं नाव आपल्याच हातानं, वर श्री. लावून?
लाज वाटते माणसाला.
खडू जोतीरामाला दिला.

स्टुलावर चढला, जीभ दातांत धरली,
आणि ओळ निघाली चढणीला,
त्याच्या वाड्याच्या वाटेगत, वर, आणखी वर,
थेट खो-खोला धडकेपर्यंत.
‘निरोप’चा नि त्यानं दीर्घ काढला.
नीरोप समारंभ.

अठ्ठावीस वर्षांत या फळ्यावर चूक राहिलेली नाही.
डस्टर हातातच होतं.

‘जमलं का, मामा?’

‘सावकाश उतर,’ म्हटलं. ‘स्टूल डगमगतंय.’