तळाची फळी

कळंबोलीला, स्टील मार्केटच्या मागच्या यार्डात
जोगिंदरने तीन ट्रेलर ओळीने लावून ठेवलेत
आणि पहिल्याची तारीफ तो दिव्यांपासून सुरू करतो.
निळे दिवे, लाल दिवे, आत गाणी लावायची सोय.
"मॅडम, घोडा एकदम खूश."

घोडीला गाणी नकोत, मी म्हणते.
तळ दाखवा.

बारकू आधीच खाली गेलाय,
पुठ्ठ्यावर उताणा, बाहेर नुसत्या चपला.
पान्याने ठोकत ठोकत सरकतोय.
लोखंडाचा आवाज वेगळा, गंजाचा वेगळा,
कलिंगडवाल्याला कळावं तसं त्याला कळतं.
खालूनच सांगतो,
"ताई, रंग कालचा आहे. गंज म्हातारा."

दुसरा मोठा. त्यात माणसांसाठी पलंग,
शेगडी, बेसिन, बेसिनवर आरसा.
घोडीसाठी टपालपेटीच्या तोंडाएवढी एक फट.
मान कुठे ठेवायची तिने, मी विचारते.
"एका रात्रीचा तर प्रश्न," जोगिंदर म्हणतो.

एका रात्रीचा.

सारंगखेड्याहून परतताना टेम्पो मागून घेतलेला,
आधी त्यात कसल्यातरी आम्लाचे पिंप यायचे.
दौलत मागे लाथा मारत होता
आणि ड्रायव्हर म्हणत होता, तापट आहे जनावर.
मीही हसले होते.
टोलनाक्यावरचा पोरगा खिडकीतून वाकून म्हणाला,
मॅडम, खालून रक्त येतंय.
फळी गेली होती. फळीखाली रस्ता पळत होता.
याच्यापुढचं मी सांगत नाही,
बारकूही सांगत नाही.
फक्त तेव्हापासून कुठल्याही गाडीशी
तो आधी खालून बोलतो.

तिसऱ्याला चकाकी नाही.
आत जुन्या गवताचा वास,
आणि छातीच्या आडव्या दांडीवर दातांच्या खुणा,
एकाच जागी, खूप वेळा.
कोणीतरी इथे कंटाळलं होतं.
म्हणजे उभं होतं, धड होतं.

दार लाव, मी म्हणते, आणि यार्डात एक फेरी मार.
हात न धरता उभी राहते.
वळणावर गुडघे सांगतात, ब्रेकला टाचा.
मग म्हणते, आज रात्री मी यातच झोपणार.
जोगिंदर हसतो. मग हसायचं थांबतो
आणि चहा पाठवतो.

रात्रभर ट्रकांचे रिव्हर्सचे भोंगे.
रबराच्या चटईवर पडून मी वारा शोधते:
खाडीकडचा येतो, वरच्या झडपेतून,
नाकाशी नाही, मानेच्या वरून जातो. बरं आहे.
दीड वाजता डाव्या कडीची खडखड. ओढणी बांधते.
तीनला पत्रा गार पडतो.
एका कोपऱ्यात पाणी साचतं, तिथे भोक पाडावं लागेल.
दोन्ही खोडी तळहातावर पेनाने लिहून ठेवते,
सकाळी घामाने एकच उरते.

ओवळ्याला नेला ट्रेलर, आमच्या तबेल्यापाशी.
घोडबंदर रोड. नावात घोडा आहे,
रस्त्यात त्याच्यासाठी वीतभर जागा नाही.
राजगिरा आली. रॅम्प हुंगला.
एक पाय ठेवला, ठक्क झालेलं ऐकलं, काढून घेतला.
काथ्या अंथरला. पुन्हा ठेवला. पुन्हा काढला.
जोगिंदर घड्याळ बघू लागला,
मग भाव उतरवू लागला, कोणी न मागता.

बारकू आत जाऊन बसला,
तिच्याकडे पाठ करून,
डबा उघडून भाकरी खाऊ लागला.
बोलावलं नाही तिला. बघितलंही नाही.

इसाराचे पैसे मी तेव्हाच मोजले.
पुढचे दोन पाय आत होते,
तोंड बारकूच्या खांद्यावर, भाकरीच्या रोखाने.
मागचे दोन अजून रॅम्पवर.
असू देत.
जत्रा डिसेंबरात आहे.