भोकाचं नाणं

लिंकनच्या संग्रहालयात, मागच्या खोलीत,
मंगळवारी लोक आपापली माती घेऊन येतात.

मॉरीन गारबट आल्या,
तंबाखूच्या डबीत नवऱ्याची तीस वर्षं घेऊन.
डेनिस नांगरलेल्या शेतांतून यंत्र फिरवत हिंडायचा,
कानांना हेडफोन.
बायकोचं ऐकू न येण्याची सोय, त्या म्हणाल्या.
हसल्या नाहीत.

बटणं, काडतुसं, अर्धं बकल,
तळाशी हिरवट काशाची एक चकती,
वरच्या कडेला भोक पाडलेली.

गुलाबाच्या काट्यानं मी माती उकरत गेले.
आधी नाक वर आलं. मग वेण्या,
वेण्यांचा माथ्यावर रचलेला अंबाडा.
दोन दासी आणि अख्खी सकाळ लागली असेल.
मग कडेची अक्षरं, एकेक:
डी, आय, व्ही, ए.

बावीस वर्षं झाली या देशात,
तरी माझा डोळा आधी 'दिवा'च वाचतो.
मग आठवतं, हे लॅटिन.
देवी झालेली. म्हणजे दिवंगत.

सम्राटाची बायको, फाउस्तिना.
ती गेल्यावर त्यानं वीसेक वर्षं तिची नाणी पाडली,
ती असताना पाडली त्याच्या कितीतरी पट.
तिचा चेहरा मोजून देऊन
लोकांनी मीठ घेतलं, मासे घेतले, वहाणा घेतल्या.

"मेल्यावर सुचतं त्यांना," मॉरीन म्हणाल्या.

नाणं पालथं केलं.
मागे धान्याची देवी सेरेस, एका हातात कणसं,
दुसऱ्यात काय ते दिसेना.
भिंग जवळ नेलं. मशाल.
म्हणजे मी अगदीच चुकीचं वाचलं नव्हतं.

"किती येतील?"
वीसेक पौंड. भोकानं भाव पडतो.
"मग पाडलं कशाला?"
गळ्यात घालायला. कुणीतरी तिला
बाजारातून कायमची उठवून आणली असेल.
आमच्याकडे नाण्यासारखी पुतळी असते,
तिची माळ ओवतात.
"पूटली," त्यांनी म्हणून पाहिलं.

मी नोंद केली: कासं, झिजलेलं, छिद्र एक.
सापडलं कुणाला: डेनिस गारबट.
'आता कुणाकडे' या रकान्यापाशी थांबले.

मॉरीन कोटाच्या बटणाचा सुटलेला दोरा
भोकातून जातो का बघत होत्या.
गेला नाही.
त्यांनी टोक जिभेवर ओलं केलं, वळलं,
आणि चष्मा कपाळावर सारला.