सातव्या मजल्याचा हिशेब

कुताइसीच्या वसतिगृहातली लिफ्ट
उतरताना पैसे मागत नाही.
चढताना मात्र वीस तेत्रीचं नाणं गिळते
आणि कधी कधी गिळून गप्प बसते.
माझ्या वेळी तीही नव्हती, कारण वीजच नव्हती;
नवव्या मजल्यापर्यंत पाण्याची बादली नेताना
किती सांडतं, हे माझं पहिलं संख्याशास्त्र.

आता मी परीक्षक.
हातात तक्ता: नावीन्य, उपयुक्तता, सादरीकरण,
प्रत्येकी दहापैकी.
अट्ठेचाळीस तास, एकोणीस गट,
पायात येणाऱ्या वायरी,
रेडिएटरवर कुणाचे तरी मोजे वाळत घातलेले.
विद्यापीठातलं जगणं सोपं करा, असं सांगणारा फलक
एका बाजूने सुटून लोंबत होता,
आणि तंत्रज्ञानाची एवढी गर्दी असून
कुणाकडे चिकटपट्टी नव्हती.

एक गट कॅन्टीनची रांग मोजत होता.
एकाने वेळापत्रकाला बोलतं केलं होतं.
एका मुलाला हरवलेल्या छत्र्या शोधायच्या होत्या,
म्हणजे मुळात त्याची स्वतःची.

पहिल्या पहाटे पाव आला,
होडीसारखा लांब, टोकं करपलेला, हात भाजेल इतका गरम.
सगळ्यांनी तोडून खाल्ला. मीही.
कुठून आला, हे विचारायला
तोंड रिकामं नव्हतं.

चौदाव्या टेबलावर लिफ्ट होती.
ताम्ता बोलायची, वाखो कोड लिहायचा,
आणि ओतार, जमेल तेव्हा, झोपायचा.
(मी समासात लिहिलं होतं: तिसरा सदस्य निष्क्रिय.)
तीन आठवडे लिफ्टच्या पोटाशी सेन्सर चिकटवून
त्यांनी वजनावरून माणसं मोजली होती,
कोण कुठे चढलं, कोण कुठे उतरलं.
नाणं टाकण्याआधीच कळावं,
लिफ्ट येणार आहे की रुसली आहे.

पडद्यावर अकरा मजले उजळले.
दहांचा हिशेब जुळत होता.
"सातव्यावर मात्र गडबड आहे," ताम्ता म्हणाली,
"रोज चार वाजून दहा मिनिटांनी
बासष्ट किलोचं कुणीतरी खाली जातं
आणि परत वर येतच नाही.
या हिशेबाने एकवीस दिवसांत
सातव्या मजल्यावरून एकवीस माणसं नाहीशी झाली."

सभागृह हसलं. मागून कुणीतरी भूत म्हणालं.
"सेन्सरची चूक," वाखो घाईने म्हणाला,
"ती ओळ आम्ही वगळतो."

ओतार प्रोजेक्टरची वायर धरून उभा होता,
सोडली की चित्र जायचं म्हणून.
"चूक नाही," तो म्हणाला.
"मी आहे. भट्टीवर जातो.
येताना जिन्याने चढतो."

त्याने वायर सोडली नाही, त्यामुळे
सातवा मजला पडद्यावर तसाच लाल राहिला.
कुणी काही विचारलं नाही.
मी मनात गुणाकार करून टाकला, सवयच आहे:
एकवीस गुणिले वीस,
चार लारी वीस तेत्री.
आणि प्रत्येक सकाळी सात मजले,
रात्रभराच्या धगीनंतर नव्हे, चार तासांच्या,
पण मग नऊचा तास, बहुतेक माझाच.

बक्षीस बोलत्या वेळापत्रकाला गेलं.
माझंही मत त्यालाच होतं; ते खरंच चालत होतं,
आणि लिफ्टवाल्यांचं दोनदा बंद पडलं.
उगाच खोटं कशाला सांगू.

आवराआवर चालू असताना
मी चौदाव्या टेबलापाशी थांबले.
ताम्ताच्या पडद्यावर ती ओळ अजून होती,
विसंगत नोंद असेल तर वगळ, अशा अर्थाची.
एका फटक्यात पुसता आली असती.
ती एकेक अक्षर मागे जात पुसत होती.
वाखो शेजारी बसून नखं खात होता.

ओतार खुर्चीत, मान मागे टाकून, गाढ.
त्याच्या कानामागे पांढरं काहीतरी लागलं होतं.
पूर्ण सत्रभर, पहिल्या बाकावर,
मला तो माझाच खडू वाटत आला होता.