चार कॅन पाणी

बाई, तुझं नाव मला ठाऊक नाही.
तू कितव्या मजल्यावर राहतेस, घरात नळ किती,
तेही नाही.
पण रोज सकाळी गरम दुधात
जो काळा तुकडा तू विरघळवतेस
त्याला मी ओळखते.
कानामागे खाजवलं की तो डोळे मिटायचा.

मी नालोतुएशा. म्हणजे पावसात जन्मलेली.
आमच्याकडे पाऊस
पोरींची नावं ठेवण्यापुरताच येतो.
नदी अडीच तासांवर.
पिवळे कॅन चार, वीस-वीस लिटरचे,
दोन या कुशीला, दोन त्या,
आणि मधे तो. राखाडी.
पाठीवर काळी फुली, जन्मतःच.
त्याला नाव नव्हतं. गाढवाला कोण नाव ठेवतं?
गाढव हेच नाव
लोक एकमेकांना ठेवतात.

मग नाक्यापलीकडे पत्र्याची भिंत उभी राहिली.
फाटकावर दोन लिप्यांची पाटी,
मला दोन्ही सारख्याच.
आधी गाढव एका शेळीला मिळायचं,
मग दोन शेळ्यांना,
मग म्हातारे म्हणाले, आता गायीशीच सोयरीक जुळवा याची,
आणि आम्ही खूप हसलो.
माझा भाऊ परसालोई तिथं कामाला लागला.
कातड्यांना मीठ चोळायचं.
महिन्याच्या महिन्याला पगार,
आमच्या सात पिढ्यांत पहिला.
त्याच्या बोटांच्या भेगा मिठानं पांढऱ्या पडल्या
आणि घरावर पत्रा आला.
साहेब शांत माणूस होता म्हणे,
जेवताना आपल्या मुलीचा फोटो समोर ठेवायचा.

अडला की माणूस गाढवाचेही पाय धरतो.
मी धरायचे, खुरातला खडा काढायला.
त्या रात्री कोण अडलं होतं माहीत नाही,
त्यांनी चारही धरले.
सकाळी बाभळीच्या झुडपात सापडला.
कातडं तेवढं नेलं होतं.
बाकीचा सगळा माझ्यासाठी ठेवला होता.

परसालोईला मी विचारलं नाही
त्या दिवशी किती कातडी आली,
एखाद्यावर फुली होती का.
त्यानंही सांगितलं नाही.
त्या आठवड्यात त्यानं माझ्या पोरीची फी भरली,
सगळ्या वर्षाची.

ते औषध बायकांचं असतं,
हे मला दवाखान्यातल्या नर्सनं सांगितलं.
बाळंतपणानंतर घेतात. रक्त कमी झालं, झोप उडाली, तर घेतात.
मोबाईलवर तिनं डबी दाखवली,
लाल, सोनेरी कडा, आत वड्या काचेसारख्या.
मोबाईलही तुमच्याकडचाच.
मला तुझा राग यायला हवा होता, बाई.
पण तेवढ्यात नर्सनं माझी पापणी खाली ओढली
आणि म्हणाली, पांढरी फटक.
तुझंही रक्त कमी आहे.

आता मी एक कॅन आणते.
पट्टा कपाळावर, कॅन पाठीवर,
नजर जमिनीवर, म्हणजे वाट दिसते, डोंगर दिसत नाही.
एका दिवसात एकच खेप होते.
एकात आधी चहा, मग वासरू,
मग पोरीचा गणवेश, तो रविवारी.
स्वतःला धुवायचं
पुढच्या आठवड्यात बघू.

फाटकाला आता कुलूप आहे.
सरकारनं लावलं, की गाढवं संपली म्हणून लागलं,
दोन्ही सांगणारे भेटतात.
परसालोईनं साठवलेल्या पैशांत मोटारसायकल घेतली,
तुमच्याच देशातली,
आणि तो पाणी विकतो. मागे चार कॅन,
दोन या कुशीला, दोन त्या.
माझ्याकडून पैसे घेत नाही.
मी त्याच्याकडून पाणी घेत नाही.
आमच्यात भांडण नाही.

एवढंच सांगायचं होतं.
दूध नीट तापव.
तुकडा पुरता विरघळू दे, बुडाशी ठेवू नकोस,
शेवटच्या घोटापर्यंत पी.
तो अर्धं पाणी घेऊन
कधी घरी आला नाही.