रेघ धरणे

जिनिंगच्या ऑफिसात दुपारचे साडेतीन.
वणेकडून वारा येतो तो रुई घेऊनच.
कीबोर्डच्या फटींतही ती बसलेली,
फुंकर मारली की कळा शिंकतात.

पडद्यावर ओलाव्याचा आलेख.
सकाळपासून सतरा गाड्या,
दर गाडीची एक चढण, एक उतार,
आणि त्यावर उभ्या दोन रेघा, तांबडी नि निळी.
इथून इथवर, एवढंच त्यांनी सांगायचं.
मधला कापूस किती ओला
ते माझा प्रोग्राम सांगणार.

तीन घटना लिहिल्या होत्या मी:
दाबलं. हललं. सोडलं.
दाबलं, की बघायचं बाण रेघेपासून किती लांब;
चार ठिपक्यांच्या आत असला तर रेघ हातात.
हललं, की ती मागोमाग.
सोडलं, की जिथल्या तिथं उभी.
पुण्याच्या खोलीत सगळं बिनचूक चाललं.
तिथं बोटं माझीच होती.

झिंगराजी लोणारे, ग्रेडर,
मुठीत कापूस दाबून चौतीस हंगाम ओलावा सांगणारे,
खुर्चीच्या टोकावर बसले.
माउस असा धरला, जशी अंड्यावरची कोंबडी उचलावी.
तांबडी रेघ निघाली
आणि सहाव्या गाडीपाशी गळाली.
पुन्हा धरली. पुन्हा गळाली.
"हे त मधातच बसून रायली बाप्पा,
गऱ्या बैलावानी."

मी नोंदी उघडल्या:
दाबलं, हललं, हललं, सोडलं,
दाबलं, सोडलं, दाबलं, हललं, सोडलं.
एका सेकंदात तीनदा?
कोण सोडतंय?
गणितात शोधलं, माउसची वायर हलवून पाहिली,
आणि मग, फार उशिरा, हाताकडे.
तर्जनी दुसऱ्या पेरापाशी संपत होती.
"सत्त्याण्णवचा हंगाम," ते म्हणाले. "तीन नंबरची जिन."
आणि उरलेल्या पेरानं
पुन्हा बटण दाबू लागले.

सोडलं म्हणजे संपलं,
हे मीच ठरवलेलं. कोणी विचारलंही नव्हतं.

बाहेर पंचफुलाबाई सरकीचं डालं उचलत होती.
उचललं. चालली. मधेच कोणाशी बोलली.
ठेवलं.

संध्याकाळपर्यंत कोड बदललं.
एकदा टिचकी: रेघ उचलली.
हात मोकळा, बाण जाईल तिकडे रेघ.
दुसरी टिचकी: ठेवली.
चार ठिपक्यांचे चौदा केले.
बाण खिडकीबाहेर गेला तर रेघ
धोतराला कुसळ चिकटावं तशी चिकटून राही,
तिला काठाशी थांबायला शिकवलं.
दोघी एकमेकींवर आल्या तर कोणती उचलायची
हे अजून ठरलेलं नाही.

झिंगराजींनी तांबडी उचलली
आणि निळीच्याही पलीकडे नेऊन ठेवली.
माझ्या मनातही नव्हतं हे.
सरासरीच्या जागी नुसती आडवी रेघ उमटली.
"काहून? उजवीकडून मोजलं
त कापूस वाळते का?"
नव्हता वाळत. दोन ओळी आणखी लिहिल्या.

दिवे लागले तेव्हा दोन्ही रेघा
नवव्या गाडीच्या अल्याडपल्याड उभ्या होत्या.
मी आकडा वाचायच्या आत ते उठले,
बाहेर त्या गाडीच्या ढिगाशी गेले,
खोल हात घालून मूठ आवळली,
कानाशी नेली.
दारातूनच म्हणाले, "साडेनऊ."

पडद्यावर नऊ पूर्णांक चार.

दशांशभर फरक.
तो कोणाचा, हे मी अजून शोधतोय.