डावीकडे ओढते

चौसष्टची फियाट. रंग पूर्वी करडा होता,
आता कोणता, ते आरटीओलाच विचारावं.
ब्रेक दाबला की डावीकडे ओढते,
जणू त्या बाजूच्या पऱ्हाटीत तिचं काही राहून गेलंय.

नागपुरात दोनदा दाखवली.
एकाने लायनर बदलले,
दुसऱ्याने चारही चाकांचे सिलिंडर.
पावती फाडताना दोघांचे चेहरे समाधानी.
गाडी मात्र तळेगावच्या उतारावर पुन्हा डावीकडे,
आणि समोरून संत्र्यांचा ट्रक.
त्या दिवशी मी स्टिअरिंगला जे बोलले
ते बाबांनी ऐकलं असतं
तर म्हणाले असते, बैलालाही असं बोलू नये.
बाबा ढोरांचे डॉक्टर. गाडी त्यांची.

म्हणून कवडू उईके.
आर्वी नाक्याच्या पुढे, निंबाखाली, पत्र्याचं शेड, पाटी नाही.
एप्रिलची दुपार. पान्ह्याला हात लावण्याआधी
त्याला फडकं गुंडाळावं लागत होतं.

त्याने काही उघडलंच नाही.
"दोन किलोमीटर फिरवून आना. ब्रेक कमीच मारा."
आणली.
त्याने माठातलं पाणी ओंजळीत घेतलं
आणि एकेका ड्रमवर शिंपडत गेला.
मागची दोन्ही गप्प.
उजवं पुढचं गप्प.
डावं पुढचं
चर्रर्र.

"हे चाक ओढत नाई, बाई," तो म्हणाला,
"हे सोळतच नाई."

जॅक लावला. चाक हलेना.
मग त्याने मागची निप्पल अर्धा आटा ढिली केली,
तेलाची एक बारीक धार उडाली
आणि चाक फिरलं, रिकाम्या रहाटासारखं.
"लायनरचा गुन्हा नाई. सिलिंडरचाबी नाई.
तेल जाते. वापस येत नाई."

रबराची वीतभर नळी काढून त्याने माझ्या हातात दिली.
बरी दिसत होती.
मग ब्लेडने उभी चिरली.
आतून सुजलेली. तुरीची काडी शिरली नसती.
"जायले तं पायाचा जोर हाय.
वापस यायले कोनाचा? स्प्रिंगचा?
थे बिचारी कितीशी."

नवी नळी बसली. आता हवा काढायची.
पोऱ्या लग्नाला गेलेला, म्हणून पेडलवर मी.
दाबा. धरा. सोळा.
बाटलीत बुडबुडे, आणि पुन्हा बुडबुडे.
"तुमचा पाय घाबरट हाय, बाई.
मी सोळा म्हनल्यावर सोळा, आंदी नाई."
गुडघा दुखतो, हे मी त्याला सांगितलं नाही.

समोर पंक्चरचं दुकान. मोतीराम उईके.
वाटणीत सगळं दोन-दोन आलं, जॅक एकच होता.
अकरा वर्षं झाली.
तेव्हापासून एकमेकांना निरोपही चहावाल्याच्या तोंडून.

तो हात पुसत रस्ता ओलांडून आला,
दार उघडलं, मला म्हणाला, "उतरा."
बसला.
चप्पल बाहेर काढून ठेवली, देवळात ठेवतात तशी.

चाकामागे पान्ह्याचा आवाज थांबला.
निंबावर एक कावळा चोच वासून बसला होता.
मग घसा खाकरून,
"दाब."
"दाबला."
"धर."
"धरला."
"सोळ."

चौदा वेळा. मी मोजले.
बुडबुडे मोठे, मग राळ्याएवढे,
मग नुसतं तेल.

मोतीरामने चप्पल घातली.
मला म्हणाला, "हँडब्रेक ढिल्ला हाय, कसून घ्या."
चाकामागून आवाज आला,
"माईत हाय."

नाक्यापर्यंत जाऊन आले.
मधल्या सरळ रस्त्यावर दोन्ही हात सोडून ब्रेक दाबला.
गाडी जिथे पाहत होती तिथेच थांबली.

कवडूने नळीचे आणि मजुरीचे सांगितले.
"आणि पेडल दाबायचे?"
"थे त्याले इचारा."

रस्ता ओलांडून विचारलं.
मोतीराम ट्यूब पाण्यात बुडवून बघत होता.
वर न पाहता म्हणाला,
"थे त्याले इचारा."