तीन भोकं

बोअरमध्ये कॅमेरा सोडायचं काम माझं.
औसा, निलंगा, पार उदगीरपर्यंत बोलावणं येतं.
मोटर कुठं अडकली, केसिंग कुठं फुटलं,
चारशे फुटांवर झरा आहे की नुसता ओलावा.
लोक स्क्रीनकडं बघत नाहीत,
माझ्या तोंडाकडं बघतात.

लातुरात डॉक्टरीणबाईंनी फाईलच्या पाठीवर
पेनानं किडनी काढली, फुगलेली.
खाली एक नळी, आणि जोडावर बारीक फुली.
"इथं अरुंद आहे. उतरत नाही, मागं तुंबतं."
म्हणजे पाणी जास्त झालंय, मी म्हणालो.
जन्मात पहिल्यांदा.

पाच महिन्यांचं लेकरू.
सोनोग्राफीच्या तारखांत बारसं राहून गेलेलं.
फाईलवर नुसतं: शिवकांताचं बाळ, पुरुष.

भूल द्यायच्या आधी सिस्टर म्हणाली, गळ्यातलं काढा.
शिवकांता कात्री घेईना.
ओल्या दोऱ्याची गाठ नखानं सोडवत बसली,
आत सगळे खोळंबलेले.
मग कापडातलं लिंग माझ्या मुठीत दिलं,
"खाली ठेवू नका."

अडीच तास मी सगळं एका हातानं केलं.
सही. चहा. औषधांच्या दुकानातले सुट्टे पैसे.

सासूबाई विचारायल्या, "पोट चिरायलेत का?"
नाही. तीन भोकं. ज्वारीच्या दाण्याएवढी.
"मग हात कुठून घालायलेत?"
मला सांगता आलं असतं.
दिवा कसा गोल फिरत उतरतो,
गढूळ झालं की थांबायचं, निवळू द्यायचं,
घाई केली की भिंत खरवडते.
सांगितलं नाही.
किती बांधांवर म्हणालो असेन मी,
खाली काही नाही हो,
आणि केबल गुंडाळून, तिथंच लिंबाखाली
डबा सोडून जेवलोय.

बाई बाहेर आल्या.
अरुंद तुकडा काढला म्हणाल्या, नळी पुन्हा शिवली,
धागा केसाहून बारीक.
मोबाईलवर दाखवत होत्या सगळं.
मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो.

तेवढ्यात महेबूबचा फोन, किल्लारीच्या बोअरवरून.
मागं मशीनचा आवाज, त्याला ओरडावं लागायलं,
"काय मालक, लागलं का पाणी?"
कुठलं विचारतोय कळलं नाही.
पलंगाला लटकलेल्या पिशवीवरची रेघ वाचून
मी म्हणालो,
तीस मिली.